चुना, कोकम आणि अण्णा

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. परवा आत्याचा मुंबईहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने हळूच विचारलं, "काय गं, अण्णाने तंबाखू खरंच सोडली का? की मला बरं वाटावं म्हणून सांगताय?"

एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहिते. तुम्ही सगळे वाचताच. शिवाय या प्रकरणात माझी स्वतःची एक चूक आहे. ती मी अजून घरातही नीट कबूल केलेली नाही.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. पोलादपूरहून महाबळेश्वरला जायचं तर आंबेनळी घाट, खेडला जायचं तर कशेडी. तेव्हा कशेडीचा बोगदा नव्हता. पावसाळ्यात रात्रीची गाडी, समोर धुकं, आणि मागे पन्नास माणसं झोपलेली. डोळा लागू नये म्हणून तंबाखू सुरू झाली आणि रिटायर झाल्यावरही राहिली. लहानपणी चुना आणायला मलाच पिटाळायचे. डाव्या तळव्यावर तंबाखू, नखाएवढा चुना, उजव्या अंगठ्याने मळायचं, दोन टाळ्या मारून धूळ उडवायची आणि चिमूट खालच्या ओठामागे. एकदा मी विचारलं होतं, "चुना कशाला घालता?" अण्णा म्हणाले, "चुन्याशिवाय तंबाखू म्हंजे नुसता पाला. लागतच नाय."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते समजायला पुढे पंचवीस वर्षं लागली, आणि मधे बी. फार्मची चार वर्षं होती.

तर झालं असं की यंदा शिमग्यानंतर अण्णांची दाढ ठणकायला लागली. गाल सुजला. महाडला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. दाढ काढायची ठरली, भुलीचं इंजेक्शन दिलं, दहा मिनिटं थांबले, पण हात लावला की अण्णा खुर्चीतून उठायचे. दुसरं दिलं, तरी तेच. डॉक्टर म्हणाले, "पू झालाय आत. अशा जागी भूल नीट चढत नाही. आधी पाच दिवस गोळ्या घ्या, मग काढू." आणि मग बॅटरी मारून तोंड बघता बघता ते एकदम गप्प झाले. खालच्या ओठाच्या आत, नेमकी जिथे चिमूट बसायची तिथे, पांढरा चट्टा होता. पुसून न जाणारा.

तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांबद्दल लिहीत नाही. रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता, पण पेशींमध्ये थोडे बदल होते. तंबाखू आजपासून बंद, दर तीन महिन्यांनी दाखवायचं.

अण्णा घरी आले, चंची कोनाड्यात ठेवली आणि म्हणाले, "बघू." मी फार्मसीवाली असल्यामुळे तज्ज्ञ मीच. दोन मिलिग्रॅमचे निकोटिनचे गम आणले. तंबाखूतला कॅन्सर करणारा माल म्हणजे मुख्यतः नायट्रोसमाइन्स. निकोटिन चटक लावतं, पण चट्टा त्याच्यामुळे पडत नाही. म्हणून तंबाखू काढून घ्यायची, निकोटिन थोडे दिवस गममधून द्यायचं आणि मग तेही कमी करत न्यायचं. अण्णांना सांगितलं, "तल्लफ आली की एक चघळा." बस, एवढंच सांगितलं. माझी चूक इथे आहे, पण ती मला तेव्हा दिसली नाही.

पंधरा दिवसांत अण्णा वैतागले. "काय दम नाय यात, बाय. घसा जळतो, उचकी लागते नि तल्लफ आहे तिथेच." उचकी लागली की आई म्हणायची, कुणीतरी आठवण काढतंय. एप्रिलच्या शेवटी गोठ्यामागे अण्णा तंबाखू मळताना सापडले. आणि मी बोलले. नको ते बोलले. तुम्हाला सोडायचीच नाहीये, तुम्हाला नातवंडांपेक्षा ती चंची जास्त प्यारी आहे, असं काहीबाही. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. चिमूट टाकून दिली, चूळ भरली आणि पडवीत जाऊन बसले. आईने नंतर सांगितलं की त्याआधी चार दिवस त्यांनी तंबाखूला हात लावला नव्हता. रात्र रात्र जागे होते.

आता थोडं माझ्या कामाबद्दल. मी महाडच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. दिवसातून दहा वेळा पीएच मीटरशी गाठ पडते. सकाळी गेल्या गेल्या पहिलं काम म्हणजे तीन बफर घेऊन मीटर जुळवायचं: ४, ७ आणि ९.२. पीएच म्हणजे शाळेतला आपला सामू. कल्पना १९०९ची, सोरेनसेन नावाच्या डॅनिश केमिस्टची. तो कोपनहेगनला बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता (दादा, हे तुला आवडेल :) ). ७ म्हणजे ना आंबट ना तुरट, खाली गेलं की आम्ल, वर गेलं की अल्क. एका घराचा फरक म्हणजे दहापट, हे मात्र भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही.

मे महिन्यातल्या एका सकाळी बफरच्या बाटल्या मांडत होते. पर्समध्ये गमचं पाकीट होतं, अण्णांनी परत केलेलं. जेवणाच्या सुट्टीत सहज त्याच्यावरचं बारीक अक्षरांतलं वाचायला घेतलं. घटकांत निकोटिनच्या पुढे काही ओळींनी सोडियम कार्बोनेट. मी डबा तसाच ठेवला. चघळायच्या गोळीत धुण्याच्या सोड्याचं काय काम? आणि खाली सूचना: चघळण्याआधी पंधरा मिनिटं आणि चघळताना काही खाऊ-पिऊ नये.

आणि मला आमच्या पडवीतला कोकम सरबताचा तांब्या आठवला.

आईने अण्णांना मदत म्हणून हे सुरू केलं होतं. तल्लफ आली की आधी सरबत घ्या, तोंडाला चव येईल. गमने घसा जळला की पुन्हा सरबत. उन्हाळा, घरचं आगळ, काय कमी? आणि मधे मधे चहा. म्हणजे अण्णा दिवसभर आंबट तोंडाने गम चघळत होते. बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षी ज्याचं गणित मी पाच मार्कांसाठी घडाघडा सोडवलं होतं, ते माझ्याच घरात, माझ्याच बापाच्या तोंडात घडत होतं. आणि मी त्यांना जिद्द नाही म्हणून बोलत होते.

गणित असं आहे. कंटाळा आला तर पुढचे तीन परिच्छेद सोडा, पण मी जमेल तेवढं सोपं करते.

आपल्या गावाकडच्या जुन्या घरांचं दार आठवा, ठेंगणं. डोक्यावर गवताचा भारा घेऊन बाई आली तर दारातून आत येऊ शकत नाही, भारा उतरवावाच लागतो. आपल्या पेशींची भिंत तशी आहे. ती तेलकट, स्निग्ध असते. विद्युतभार असलेला रेणू पाण्याला चिकटून राहतो, त्याला या तेलकट भिंतीतून पलीकडे जाणं फार अवघड. भार उतरवलेला रेणू मात्र सहज जातो. निकोटिन सौम्य अल्क आहे. आजूबाजूला आम्ल असलं की ते हायड्रोजनचा एक आयन उचलतं, म्हणजे डोक्यावर भारा येतो. आजूबाजूला अल्क असलं की तो उतरवतं. आता कुठल्या पीएचला निम्म्यांच्या डोक्यावर भारा असेल आणि निम्म्यांचा उतरलेला असेल, हा प्रत्येक औषधाचा स्वतःचा एक ठरलेला आकडा असतो. त्याला पीकेए म्हणतात. निकोटिनचा साधारण ८.

म्हणजे पीएच ८ ला निम्मं निकोटिन भारामुक्त. ७ ला उरतं ९ टक्के. ६ ला एक टक्का. ५ ला हजारात एक. उलट बाजूला ९ वर गेलात की ९१ टक्के आणि १० वर ९९ टक्के. हेच हेंडरसन आणि हॅसलबाल्क यांचं समीकरण. परीक्षेत ते लॉगॅरिदमसकट लिहावं लागतं, पण आत आहे ते एवढंच. सौम्य आम्ल असलेल्या औषधांचं सगळं उलटं: ॲस्पिरिनचा पीकेए ३.५ च्या आसपास, ते जठराच्या आम्लात भारामुक्त असतं. (तरी त्याचाही बराच भाग शोषला जातो तो आतड्यात, कारण आतड्याचं क्षेत्रफळच अवाढव्य आहे. कॉलेजात हे उशिरा सांगतात. नुसत्या समीकरणावर भरवसा ठेवू नये.)

आता तंबाखू. वाळलेलं पान मुळात आंबटसर, पीएच ५-६ च्या आसपास. नुसती तंबाखू ओठात धरली तर बहुतेक निकोटिन भारा घेऊन दाराबाहेर उभं. चुन्याच्या निवळीचा पीएच साडेबाराच्या जवळ. नखाएवढा चुना मळला की सगळा हिशेब फिरतो आणि निकोटिन ओठाच्या पातळ कातडीतून थेट रक्तात. "चुन्याशिवाय तंबाखू म्हंजे नुसता पाला, लागतच नाय." अण्णांनी पीकेए सांगितला होता मला, सातवीत असताना. दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या डोंगरातले लोकही कोकाची पानं चुना किंवा राख लावून चघळतात. मधे आख्खे महासागर, पण युक्ती तीच. पीएच मीटर दोघांकडेही नव्हता.

गम बनवणाऱ्यांनाही हेच करावं लागलं. स्वीडनमध्ये ओव्हे फेर्नो नावाच्या माणसाने तो तयार केला. १९६७ साली त्याला ओळखीच्या संशोधकांचं एक पत्र आलं. पाणबुडीतल्या खलाशांना सिगरेट ओढता येत नाही, ते तंबाखू चघळून भागवतात, असं त्यात होतं. १९७८ मध्ये गम पहिल्यांदा स्वित्झर्लंडमध्ये विक्रीला आला. त्यात घातलेला कार्बोनेट म्हणजे साहेबाचा चुना. आणि १९९० साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला: गमआधी कॉफी किंवा कोला प्यायलं तर तोंडातून निकोटिन शोषलं जाणं जवळजवळ थांबतं. कोकम सरबतावर कुणी अभ्यास केलाय का? आमच्या घरी झाला.

उचकी आणि घशाच्या जळजळीचंही कोडं सुटलं. अण्णा गम पानासारखा भराभर चघळत होते आणि लाळ गिळत होते. गिळलेलं निकोटिन जठरात जातं. तिथे पीएच एक-दोन, म्हणजे सगळ्यांच्या डोक्यावर भारा. पुढे आतड्यातून शोषलं गेलं तरी ते आधी यकृतात जातं आणि यकृत त्यातलं बहुतेक मोडून टाकतं. मेंदूपर्यंत पोचायला उरतं थोडंच, उचकी मात्र पुरेपूर.

आणि ती दाढ! घरी येताना एसटीत बसल्यावर ते डोक्यात आलं आणि मी शेजारच्या बाईंकडे बघून हसले, त्या बिचाऱ्या गोंधळल्या. भुलीचं औषध म्हणजे लिग्नोकेन, तेही सौम्य अल्क, पीकेए ७.९. नसेच्या आत शिरायचं तर भारा उतरवायलाच हवा. पू झालेली जागा आंबट असते, तिथे ते उतरवता येत नाही. भूल न चढण्याची आणखीही कारणं असतात, सूज आलेल्या नसा स्वतःच जास्त हुळहुळ्या असतात. पण डॉक्टरांनी "आधी गोळ्या घ्या" म्हटलं त्यामागे हेही होतं. इंजेक्शन अडलं तिथेच गम अडला. आणि दोन्ही वेळा मी समोर बसले होते.

मग भारा ही वाईटच गोष्ट का? तसं नाही, आणि त्याचं उदाहरण आमच्या महाडचंच आहे. आपल्याकडचा लाल विंचू चावून माणसं मरायची, लहान मुलं तर फारच. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. विंचवाच्या विषाने हृदयावर काय होतं हे त्यांनी रुग्णांजवळ बसून नोंदवलं, आणि रक्तदाबासाठीची प्राझोसिनची साधी गोळी वापरून ते मृत्यू कितीतरी कमी केले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती गोळी तोंडाने घ्यायची. प्राझोसिनचा पीकेए साडेसहाच्या आसपास. जठराच्या आम्लात त्याच्यावर भार येतो म्हणून ते नीट विरघळतं, आणि आतड्यात पीएच चढला की भार उतरवून पलीकडे जातं. विरघळायला भार हवा, आत शिरायला नको. औषधाला दोन्ही करावं लागतं. घरातल्या गोळ्यांच्या पाकिटावर नावापुढे "हायड्रोक्लोराइड" दिसलं ना, की समजा ते अल्क आहे आणि कारखान्यातूनच भारा देऊन पाठवलंय, विरघळावं म्हणून.

असो. घरी पोचले तेव्हा अण्णा पडवीत होते, शेजारी तांब्या. मी चप्पलसुद्धा न काढता सुरुवात केली. सरबत नाही, चहा नाही, गमच्या आधी पंधरा मिनिटं काही नाही, हवं तर पाण्याने चूळ भरा. हळू चघळायचा. झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गालात ठेवून द्यायचा. जोर ओसरला की पुन्हा दोनदा चावायचा. लाळ गिळायची घाई नाही.

अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे तंबाखूसारखाच धरायचा."

"हो."

"मग हे आधी सांगायचं व्हतंस ना, बाय."

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "अण्णा, मी त्या दिवशी बोलले ते..." त्यांनी मला पुरं करू दिलं नाही. तेवढ्यात त्यांना काहीतरी सुचलं होतं. "आंबटाने बिघडतंय, तर गमाला थोडा चुना लावला तर?"

मला हसू आवरेना. तर्क शंभर टक्के बरोबर होता! समजावून सांगितलं की गमात सोडा आधीच मापात घातलेला असतो. आणि चुना निकोटिनला वाट करून देतो तशी कातडीही भाजतो, चट्टा त्याच जागी का पडला विचार करा. अण्णांनी जिभेने ओठाची आतली बाजू चाचपली. ते करताना मी त्यांना हल्ली खूपदा पाहते.

मग जमलं का? आत्या, तुझ्यासाठी खरं खरं लिहिते. पहिल्या आठवड्यातच अण्णा म्हणाले, "आता जरा लागतो." डॉक्टरांना विचारून दिवसाचे गम ठरवून घेतले. जून गेला, जुलै गेला. गणपतीत मुंबईची सगळी मंडळी आली, रात्री भजन झाल्यावर कुणीतरी चंची पुढे केली आणि अण्णांनी घेतली. एकदा नाही, दोन-तीन दिवस. सकाळी त्यांनी स्वतःहून मला सांगितलं. या वेळी मी काही बोलले नाही, पाकीट पुढे ठेवलं. त्यानंतर आजपर्यंत नाही. गम आता दिवसाला तीन. चट्टा गेलेला नाही. गेल्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, थोडा विरळ वाटतोय, पण आता काही बोलत नाही. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.

(दादा, तू खुश होऊ नकोस. सिगरेटचा धूर आंबटसर असतो, तोंडातून निकोटिन फारसं शोषलं जात नाही, म्हणून तर तो छातीत ओढावा लागतो. तिथे आंबट-तुरटाचा प्रश्नच येत नाही, दारंच कोट्यवधी आहेत.)

आईला काही दिवस फार लागलं होतं, आपल्या सरबतानेच घात केला म्हणून. तिला म्हटलं, अगं, तू पदवी घेतली होतीस का, मी घेतली होती. आता तिने वेळापत्रकच केलंय. गम झाला की सरबत. आधी नाही.

सध्या ऑक्टोबरचं ऊन मी म्हणतंय. मी हे लिहितेय आणि अण्णा समोर झोपाळ्यावर बसलेत, गालात गम, हातात घड्याळ. शेजारी सरबताचा पेला झाकून ठेवलाय. आत्ताच विचारलं त्यांनी, "अजून किती?"

सात मिनिटं, अण्णा.